जुन्या बंदुकीची पारख

खंडेनवमीच्या दिवशी शस्त्रपूजा करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. त्या दिवशी माळ्यावरची तलवार खाली येते, कट्यार येते, आणि एखाद्या जुन्या वाड्यात लांब नळीची बंदूकही येते. राख आणि चिंच लावून ती घासतात, हळदकुंकू वाहतात, आणि घरातील वडीलधारे माणूस मुलांना तिची हकीगत सांगते. ही पानिपताहून आली. ही असईच्या लढाईतली. ही अमक्या सरदाराने पणजोबांना बक्षीस दिली. पिंपळगाव राजा असो, खामगाव असो की मलकापूर असो, अशी एखादी हकीगत आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असेल.

श्रोतेहो, या हकिगतीत खरे किती, असे कोणी विचारले तर आपल्याला थोडा राग येतो. पण खामगावच्या पेढीवर चांदीचा दागिना घेताना आपण त्याचे वजन आणि कस पाहतोच. त्यात दागिन्याचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. जुन्या हत्याराच्या बाबतीतही तोच न्याय लावावयास हवा. किंबहुना येथे पारख अधिक निकडीची आहे. खोट्या चांदीने एका घराचे पैसे बुडतात. खोट्या बंदुकीने गावाचा इतिहास बिघडतो, आणि खऱ्या बंदुकीची हयगय केल्यास एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.

म्हणून आज तीन प्रश्नांचा विचार करू. घरात सापडलेली जुनी बंदूक निर्धोक आणि कायदेशीर कशी करावी? ती जिची म्हणून सांगतात तिचीच आहे काय, हे कसे ओळखावे? आणि ओळख पटल्यावर ती जपावी कशी?

आपल्या मुलखातील बंदुका

बुलढाणा जिल्हा हा फौजांच्या वाटेवरचा मुलूख आहे. १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला तो याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्याजवळ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची लढाई झाली ते असई गाव आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे दुसरी लढाई झाली, आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. तीन महिन्यांच्या आत एवढे घडले.

असईच्या रणावर शिंद्यांची जी कवायती पायदळ पलटणे उभी होती, त्यांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या दुबॉयन या सेनानीने आग्र्याला शस्त्रांचा कारखाना उभारला होता, आणि सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तो पाहत असे. तेथील बंदुका विलायती नमुन्याबरहुकूम घडवल्या जात. तेव्हा विलायती घडणीची दिसणारी प्रत्येक बंदूक इंग्रजांचीच असली पाहिजे असे नाही. उलट, लढाई जवळ झाली म्हणून घरातली बंदूक त्याच लढाईतली, असेही म्हणता येत नाही. शेजार हा पुरावा नव्हे. पुरावा बंदुकीच्या अंगावरच शोधावा लागतो.

अशा वस्तू जमवणे हा नुसता श्रीमंतांचा शौक नाही. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांनी १९२० च्या सुमारास गावोगाव हिंडून दिवे, दौती, अडकित्ते, वाद्ये आणि शस्त्रे गोळा करण्यास आरंभ केला. आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. विदर्भात १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, येथेही शस्त्रांचे दालन आहे. शिकणाऱ्याने आधी अशा ठिकाणी जाऊन खऱ्या वस्तू डोळ्यांखालून घालाव्यात. खऱ्याची नजर बसली म्हणजे खोटे आपोआप खुपू लागते.

आधी बंदूक मुकी करावी

पारखेच्याही आधी एक गोष्ट आहे. ठासणीची बंदूक ही नेहमी भरलेलीच आहे असे समजून चालावे. पूर्वी चोराचिलटाच्या भीतीने बंदूक भरून खुंटीला टांगत, आणि तो बार तसाच राहून जाई. बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या उद्यानाच्या ताब्यात अठराव्या शतकातील एक तोफ होती. २०१३ साली ती साफ करताना आत गोळा आणि दारू जशीच्या तशी आढळली. १७८० साली बुडालेल्या जहाजावरची ती तोफ! एवढ्या मोठ्या शहरात हे घडते, तर माळ्यावरच्या बंदुकीची काय कथा.

जाणकार कारागीर नळीत लाकडी गज सोडून तो आत किती जातो हे पाहतो, आणि तेवढेच माप बाहेरून नळीवर धरतो. गज मागच्या कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचला नाही, चार बोटे अलीकडेच अडला, तर आत काहीतरी आहे हे उघड होते. हे काम घरी करू नये. विस्तव, तापवणे, छिद्र पाडणे, चाप ओढून पाहणे यांपैकी काहीही करू नये. नळी कोणाच्याही दिशेला न ठेवता बंदूक जागेवर ठेवावी, पोलीस ठाण्याला कळवावे आणि परवानाधारक बंदूक कारागिराकडून ती तपासून घ्यावी.

आता कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. त्याच्या ४५ व्या कलमात जुनाट नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट दिली आहे. पण तिला एक अट जोडलेली आहे. ते हत्यार दुरुस्त करून किंवा न करता, कसेही, बंदूक म्हणून वापरण्याजोगे असता कामा नये. लोकांचा घोटाळा येथेच होतो. चाप मोडला, गंज चढला, घोडा हरवला, एवढ्याने बंदूक सुटत नाही. कारण लोहार या गोष्टी दुरुस्त करू शकतो. केवळ वय झाले म्हणूनही ती सुटत नाही. सूट लागू आहे की नाही हे आपण घरी ठरवावयाचे नसून अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावयाचे असते. बाळगण्याचा हक्क उरला नसेल तर त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते.

याशिवाय १९७२ चा पुराणवस्तूंसंबंधीचा कायदा आहे. सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुराणवस्तू ठरते. खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो.

बंदूक कायमची निकामी करण्याच्या रीती अनेक आहेत. नळीत पोलादी गज बसवून तो जोडतात, कान बुजवतात, आतली कळ पक्की करून टाकतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर असे काम झाल्यावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा ठसा व दाखला देण्याची पद्धत पडली. युरोपीय संघाने २०१६ पासून सर्व सभासद देशांना एकच नियम लावला. आपल्याकडे हे काम परवानाधारकाने, अधिकाऱ्यांच्या अनुमतीनेच करावयाचे.

परंतु येथे संग्राहकाने एक आग्रह धरावा. बंदुकीवरचे महत्त्वाचे ठसे बहुधा नळीच्या मागच्या टोकाजवळ असतात, आणि नळी निकामी करताना डाग देण्याची जागाही तीच असते. घाईने जाळ लावला की ठसे जळतात, पोलादावरचा जौहर पुसला जातो. मग हातात लोखंड राहते, पण ते कोणाचे हे सांगणारी खूण नाहीशी होते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी सर्व ठशांची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत, आणि ठसे वाचतील अशा जागी डाग देण्यास कारागिराला सांगावे. बंदूक मुकी झालीच पाहिजे. तिची साक्ष मात्र मुकी होऊ नये.

कळीवरून काळ

पारखेचा पहिला धडा कळीचा आहे. दारूला आग कशी लावली जाई, यावरून बंदुकीचे मोठे वर्ग पडतात.

सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. सुताचा जळता तोडा चिमट्यात धरलेला असे. चाप ओढला की तो रंजकाच्या वाटीवर टेके. देशी तोडेदार बंदुकीची नळी लांब, दस्ता सडपातळ, आणि नळी दस्त्याला कातडी वाद्यांनी किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधलेली. दुसरी चकमकीची; हिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी असते व ती पोलादावर आपटून ठिणगी पडते. तिसरी टोपीची; हिच्यात स्फोटक भरलेली तांब्याची टोपी घोड्याच्या ठोक्याने फुटते. चौथी मागून भरण्याची, काडतुसाची.

या पायऱ्यांना सन आहेत. टोपीची युक्ती एकोणिसाव्या शतकातली; इंग्रज फौजेत ती १८४० च्या सुमारास रूढ झाली. तेव्हा टोपीची बंदूक दाखवून ती शिवकालातील आहे असे कोणी म्हणाला, तर पुढे वाद घालण्याचे कारण नाही. उलट न्याय मात्र लागत नाही. तोड्याची बंदूक आपल्या खेड्यापाड्यांत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. म्हणजे कळीवरून वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही, एवढे ठामपणे कळते. ती त्याच सालची आहे असे ठरत नाही. पारखेतील बहुतेक खुणा अशाच, एका बाजूने बोलणाऱ्या असतात.

अंगावरची अक्षरे

दुसरा धडा ठशांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची बंदूक बरीच आखूड होती. इंग्रजांच्या आधीच्या लष्करी बंदुकांची नळी ४६ किंवा ४२ इंच असे, कंपनीच्या नमुन्याची ३९ इंच. नळीचे तोंड पाऊण इंचाचे. पुढे १७९० नंतरच्या युद्धकाळात इंग्रज सरकारी फौजेनेही हाच नमुना उचलला. कंपनीच्या मालावर आधी हृदयाच्या आकृतीचा ठसा असे. तिच्या चार घरांत व्ही, ई, आय, सी ही रोमन अक्षरे. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी पंज्यात मुकुट धरलेला उभा सिंह आला. घोड्याची घडणही बदलली. सरकारी फौजेच्या बंदुकांवर १८०९ पर्यंत तो हंसाच्या मानेसारखा वळलेला असे, पुढे त्याच्या मानेला बळकटीसाठी कडे जोडले गेले. आता पाहा. जी बंदूक असईच्या रणातून उचलली असे सांगतात, तिच्या कळीवर उभा सिंह आहे. असई १८०३ ची, सिंह पाच वर्षांनंतरचा. बंदूक खरी, हकीगत मात्र खरी नव्हे.

१८५७ नंतरची एक खूण विशेष बोलकी आहे. ज्या काडतुसांवरून उठावाला तोंड फुटले ती १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीची होती. तिच्या नळीत आटे कोरलेले असत, त्यामुळे गोळी दूर व नेमकी जाई. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायासाठी वेगळा नमुना काढला. बाहेरून तीच बंदूक, पण नळी मोठी आणि आतून गुळगुळीत. एन्फील्डचे तोंड सुमारे १४.७ मिलिमीटरचे, हिचे सुमारे १६.७. शिपायाच्या हाती गोऱ्या सोजिराइतके नेमके हत्यार पडू नये, हा हेतू. आतून गुळगुळीत असलेली अशी बंदूक कोणी खोटी म्हणून बाजूला टाकील. पण सरकारचा अविश्वास लोखंडात कोरून ठेवलेला हा कागद आहे!

त्यापुढच्या काळात मुकुट आणि त्याखाली व्ही. आर. ही अक्षरे दिसतात. ती राणी व्हिक्टोरियाची. राणी २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. वायव्य सरहद्दीकडील दर्रा आदमखेल आणि आसपासच्या कारागिरांनी हाताने नकला करताना ही अक्षरे पुढेही बिनदिक्कत ठोकली. त्यामुळे व्ही. आर. खाली १९०१ नंतरचे साल, उलटे काढलेले एन, किंवा एन्फील्ड या नावाची चुकीची वर्णजोडी दिसली की सावध व्हावे. बंगालमधील ईशापूर येथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून रायफली तयार होऊ लागल्या. त्यांच्यावर आधी मुकुट आणि प्रजासत्ताकाच्या काळात अशोकस्तंभाचे सिंह उमटले. रायफलीचा क्रमांक नळी, खोबणी आणि खटक्याचा दांडा यांवर स्वतंत्र ठोकलेला असतो. ते जुळत नसतील तर दोन-तीन बंदुकांचे भाग एकत्र केलेले आहेत असे समजावे. डी. पी. ही अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीसाठी काढून ठेवलेली रायफल होय.

मराठी माणसाला फसवणारी एक खूण सांगतो. दस्त्यावर किंवा नळीवर नागरी आकडे दिसले की आपण ती मराठ्यांची ठरवून मोकळे होतो. परंतु नेपाळ दरबारही नागरी आकडेच वापरी. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात कंपनीच्या नमुन्याच्या, तसेच नेपाळात घडवलेल्या जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा होता. २००३ साली तो अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि तेथून तो जगभरच्या संग्राहकांकडे पसरला. नागरी आकड्यांनी लिपी कळते, धनी कळत नाही.

झीज, गंज आणि दुरुस्ती

तिसरा धडा झिजेचा. हत्यार जेथे हाताळले जाते तेथेच झिजते: दस्त्याची मान, चापाचा कडा, गज ओढण्याची जागा. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कानशीने आणलेली समजावी. गंजाचेही तसेच. बाहेरून काळपट तांबूस जुना गंज आणि कळ उघडल्यावर आतील पत्रा त्या मानाने स्वच्छ, लाकूड तेलाने काळवंडलेले, हे स्वाभाविक आहे. मीठपाणी किंवा तेजाब लावून आणलेला गंज आतबाहेर एकसारखा आणि नारिंगी असतो. जुने स्क्रू हाताने कापलेले, एकाला दुसरा तंतोतंत न मिळणारे असतात. शोभेसाठी केलेल्या पितळी फुलांच्या बंदुकांत पुष्कळदा कान आरपार नसतोच. नळी बाजारी पाइपाची असते आणि आत पाहिल्यास लांबलचक सांधा दिसतो. ती दिवाणखान्यात खुशाल लावावी, पण इतिहास म्हणून विकत घेऊ नये.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे. विलायती बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता मोडला आणि गावच्या सुताराने शिसवीचा किंवा सागाचा बसवला, तर ती बंदूक येथे नांदली याचा तो पुरावा आहे. चकमकीची बंदूक त्या काळातच टोपीची करून घेतली असेल, तर तोही तिच्या आयुष्याचा भाग होय. लबाडी ती, की अधिक किंमत यावी म्हणून आज कोणी टोपी काढून पुन्हा चकमक बसवतो आणि बुजवलेल्या जागेवर गंज चढवतो.

हकिगतीचे मोल

आता हकीगत सर्वस्वी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. ती लिहून ठेवावी; कोणी, केव्हा, कोणाकडून ऐकली हे लिहावे; मात्र तिला पुराव्याच्या आसनावर बसवू नये. याचा उत्तम धडा वाघनखांनी दिला आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून आलेली, आणि सोबतच्या पेटीवर शिवछत्रपतींचे नाव सांगणारा मजकूर. तरीही, हीच ती वाघनखे हे पडताळून पाहता आलेले नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. महाराजांच्या थोरवीला त्यामुळे तसूभर उणेपणा येत नाही. वस्तूविषयी काय माहीत आहे आणि काय सांगितले जाते, या दोहोंमधली रेघ जपणे, एवढेच त्यात आहे.

जपणूक

शेवटी पुन्हा खंडेनवमीकडे येऊ. पूजा करावी; पण राख, चिंच, रांगोळी, वाळूचा कागद हे हत्यारापासून दूर ठेवावेत. दर वर्षीच्या घासण्याने अर्ध्या सुताइतका खोल असलेला ठसा दोन पिढ्यांत सपाट होतो. ज्या भक्तीने आपण बंदूक लखलखीत करतो, तीच भक्ती तिच्या अंगावरची अक्षरे पुसून टाकते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढावी, लोखंडाला पातळ तेलाचा हात द्यावा, लाकडाला पाणी लावू नये. हळदकुंकू पाटावर वाहावे, नळीवर नव्हे.

एक वही करावी. तीत नळीची लांबी, तोंडाचे माप, प्रत्येक ठशाचे चित्र, दुरुस्तीच्या जागा, निकामी केल्याचा दाखला, पोलिसांकडील कागद आणि घरची हकीगत, असे सर्व वेगवेगळ्या पानांवर लिहावे. भंगारवाला किलोवर भाव करतो, आणि बंदूक वितळली की एक साक्षीदार कायमचा जातो. भीतीने ती विहिरीत टाकणारा आणि अभिमानाने बेकायदा लपवणारा, दोघेही गावाचे सारखेच नुकसान करतात. ज्याला सांभाळणे शक्य नाही त्याने रीतसर मार्गाने ती संग्रहालयाकडे जाईल असे पाहावे, आणि वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.

घरातली बंदूक पानिपताची निघाली नाही म्हणून कोणी हिरमुसू नये. ती एखाद्या पाटलाने रानडुकरांपासून ज्वारी राखण्यासाठी बाळगलेली साधी ठासणीची बंदूक असेल. तरी ती खरी आहे, आणि या मातीतल्या एका माणसाची आहे. खोट्या सरदारापेक्षा खरा पाटील केव्हाही बरा.